सातवी खुंटी

"अरे, दोन पावलं सरकव ना! जर्नल बघून कुणाला कळणारे?"

हे वाक्य माझंच. मे महिन्याच्या उन्हात, पनवेल खाडीकाठच्या एका जुन्या भरावावर म्हटलेलं. प्रोजेक्टचा विषय होता भरावावरच्या वनस्पतींची पाहणी. "सिव्हिलवाले गवत मोजणार?" असं मेसमध्ये सगळ्यांनी विचारून झालं होतं.

पण पनवेलकरांना भराव काही नवा नाही. उलवे टेकडी कापून, नदी वळवून, पाणथळीवर भर घालून विमानतळ उभा राहिला. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन. भराव दाबून सपाट केला की आपलं काम संपलं, असंच आम्हाला वाटायचं. त्यावर पुढे काय उगवतं, हे कोण बघतं? उपग्रहाला नुसतं हिरवं दिसतं. ते तिवर आहे की सुबाभूळ, हे तिथे चिखल तुडवल्यावरच नक्की कळतं.

पद्धत साधी. खाडीकडून रस्त्याकडे १०० मीटर टेप ताणायचा. दर १० मीटरला एक खुंटी. खुंटीला कोपरा लावून पीव्हीसी पाइपची १ मीटर बाय १ मीटर चौकट ठेवायची. आत कोणती रोपं, किती, त्यांनी किती टक्के जमीन झाकली, ते लिहायचं. टक्क्यांचा अंदाज दोघांनी वेगवेगळा करायचा, मग ताडून बघायचा. मोठं झाड असेल तर १.३७ मीटर उंचीवर घेर. शेवटी प्रत्येक खुंटीवरून ठरलेल्या दिशेने फोटो. पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा तेच सगळं.

पहिल्या दोन खुंट्यांपाशी तिवरांची श्वासमुळं मोजताना दमछाक झाली. सातव्या खुंटीपाशी मात्र काहीच नाही! नुसती मीठ फुटलेली पांढरी जमीन. दोन पावलांवर मोरसाचा छान हिरवा पट्टा... चौकट सरकली. वहीत आकडा पडला: ६० टक्के.

ऑक्टोबरमध्ये परत गेलो. पावसाने वरचं मीठ धुऊन नेलं होतं. सातव्या खुंटीपाशी, खऱ्या जागी, मोरसाची कोवळी रोपं आली होती. मोजली, अकरा भरली. झाकलेली जमीन १५ टक्के. काय आनंद झाला! आणि लगेच पोटात गोळा आला. कागदावर ६० वरून १५. जिथे शून्यातून जीव धरला होता, तिथे आमच्या वहीप्रमाणे हिरवळ मरत होती.

सुदैवाने मेमधला फोटो खुंटीवरूनच काढलेला. त्यात उजाड जमीन आणि कडेला सरकवलेली चौकट, दोन्ही स्पष्ट! तो घेऊन सरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "शून्य हीसुद्धा नोंदच असते. खाडाखोड नको. जुन्या आकड्यावर एक रेघ मारा, शेजारी खरा लिहा आणि सही करा."

सही करताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू?

पुढच्या बॅचला एवढंच सांगणं आहे: खुंट्या तिथेच आहेत, उपटू नका. आणि चौकट रिकामी निघाली, तर दोन बोटंही सरकवू नका.