कोठीतले जुने पुस्तक

देगलूरला असताना दर महिन्याला पोटात पिळा पडला की आई म्हणायची, "लग्न झालं की थांबेल." लग्न झाले, थांबले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "एक लेकरू होऊ दे, थांबेल." मुलगी झाली. दुखणे वर्षभर दबले आणि पुन्हा उसळले. शेवटी १९९३ साली हैदराबादला, कोठीत राहणाऱ्या आत्याकडे जाऊन राहिले. पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, एंडोमेट्रिओसिस, आणि पुढच्या पेशंटला बोलावले. वीस वर्षांच्या दुखण्याला तीन मिनिटे!

टाके निघाल्यावर आत्याबरोबर बाजारात गेले. कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत. उस्मानिया मेडिकल कॉलेज तिथेच, त्यामुळे डॉक्टर होऊन गेलेल्या पोरांची पुस्तकेही त्यात येऊन पडत. स्त्रीरोगांवरचे एक फाटके पुस्तक चाळीस रुपयांना घेतले. आत्या म्हणाली, "अगं, तुला काय परीक्षा द्यायची आहे?" इंग्रजी अवघड होते. शब्दकोश उशाशी ठेवून ते एक प्रकरण पंधरा दिवसांत संपवले. कुणा विद्यार्थ्याने एका नावाला पेन्सिलीने गोल केला होता : सॅम्पसन, १९२७.

या अमेरिकन डॉक्टरचे म्हणणे असे की, पाळीचे रक्त सगळेच खाली जात नाही. थोडे गर्भनलिकांतून उलटे चढते आणि पोटात सांडते. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचे जिवंत कण असतात. पोटाला आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला पर्युदर म्हणतात. ते कण या पडद्याला चिकटतात, त्यात रुजतात, रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेतात. मग दर महिन्याला गर्भाशयाच्या अस्तरासारखेच तेही फुगतात, रक्त गाळतात. पण या रक्ताला बाहेर वाट नाही. पडदा सुजतो, आतडी आणि बीजकोश एकमेकांना चिकटू लागतात. माझा पिळा तो हाच.

पण रक्त असे उलटे तर बहुतेक बायकांच्या पोटात जाते आणि रोग होतो साधारण दहातल्या एकीला. असे का? इतरांच्या पोटातल्या पांढऱ्या पेशी ते कण वेळीच साफ करतात, आमच्यात ही झाडलोट कमी पडते, असे मानतात. शिवाय जन्मतः गर्भाशय नसलेल्या काही जणींतही हा रोग सापडला आहे. म्हणून तो पडदाच कधी कधी आपले रूप पालटत असावा, असेही एक मत आहे. पुरता निकाल आजही लागलेला नाही. रक्ताच्या नात्यात तो जास्त आढळतो, हे मात्र नक्की. त्या वाक्याखाली मी स्वतः रेघ ओढली होती.

तरीही २००१ साली माझी मुलगी पोट धरून शाळेतून परत आली, तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "थोडं सोस गं, पुढे थांबतं." थेट आईचाच आवाज. पुढची दोन वर्षे मी तिला ओवा आणि गरम पाण्याची पिशवी देत राहिले. मग एकदा कपाट आवरताना ते पुस्तक तिच्या हाती लागले. पान उघडे धरूनच ती स्वयंपाकघरात आली.

"आई, ही रेघ तुझी आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही दोघी हैदराबादला निघालो. आत्या तोवर गेली होती. कोठीत उतरायला घर उरले नव्हते, म्हणून दवाखाना करून रात्री परतायचे ठरवले.