अंगणातील पावले

आखाताच्या काठी, कुवेतच्या सीमेनजीक, सौदी अरेबियातील अल खफजी हे गाव वसलेले आहे. 1960 साली तेथील समुद्राच्या तळाशी तेल लागले आणि वाळूच्या त्या मुलखात दूरदूरची माणसे चाकरीसाठी येऊ लागली. अकोले तालुक्यातील एक गृहस्थ त्यांपैकीच. एके सकाळी त्यांच्या धाकट्या कन्येला मागील अंगणातील वाळूत इवलीशी पावले उमटलेली दिसली. "कुत्रे येऊन गेले असेल," असे म्हणून त्यांनी विषय संपविला. परंतु मुलीचे समाधान होईना. अखेर वसाहतीच्या कार्यालयाची अनुमती घेऊन त्यांनी भिंतीशी, गुडघाभर उंचीवर, एक ट्रॅप कॅमेरा बसविला.

या यंत्राची रीत मोठी साधी आहे. सभोवारच्या उष्णतेहून निराळ्या उष्णतेचे काही समोरून हलले की ते जागे होते आणि काळोखातही, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, चित्रण करते. उन्हाळ्याच्या भर दुपारी वाळूच प्राण्याच्या अंगाइतकी तापते. तेव्हा त्याला फारसे काही उमगत नाही. रात्र मात्र त्याची. चौथ्या सकाळी पाहतात तो, एसीचे पाणी गळते तेथे ठेवलेल्या टोपाशी एक खोकड पाणी पीत उभे! आपल्या माळरानावर असते त्याच्याच जातकुळीचे, कान तेवढे मोठे.

त्याच आठवड्यात गावाकडून वडिलांचा फोन आला. "वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं. पिंजरा लावा म्हणून गावानं अर्ज केलाय. माझीही सही आहे."

गृहस्थांस प्रथम तेच योग्य वाटले. परंतु ते खोकड किती रात्री येऊन गेले असेल आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी आपल्याच तालुक्याविषयी वाचावयास घेतले. अकोल्याच्या उसाच्या मुलखात असेच कॅमेरे लावून विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला आहे. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. तीवरून एकेक ओळखून त्यांनी गणना केली. जेथे दर चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसे राहतात, तेथे दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे आणि तितकेच तरस आढळले. जुन्नरची कथा तर अधिक बोलकी. तेथे बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरील हल्ले 2001 ते 2003 मध्ये 17वर गेले.

हे सारे त्यांनी वडिलांना सांगितले. "आप्पा, एक धरून नेला तर दुसरा येईल. हे आपल्या आसपास कायमच होते. आपल्याला दिसत नव्हते इतकेच."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आप्पा म्हणाले, "खरं असंल. पण तुझ्या खोकडानं माणूस मारला नाही. इथं वीज रात्रीच्या पाळीनं येते. मोटार चालू करायला उसातून जायचं मला आहे, तुला नाही."

या बोलण्यास उत्तर नव्हते. यंत्र शेजारी दाखविते. त्याच्यासह राहण्याची जोखीम मात्र ज्याची त्यालाच वाहावी लागते. त्या महिन्यात गृहस्थांनी गोठ्याच्या भक्कम जाळीसाठी आणि विहिरीवरच्या दिव्यासाठी पैसे पाठविले. रात्री एकट्याने जाणार नाही, एवढे वचन आप्पांकडून घेतले. अर्जावरची सही आप्पांनी मागे घेतली नाही, आणि मुलानेही पुन्हा तो विषय काढला नाही.

अल खफजीच्या त्या अंगणात कॅमेरा अद्याप आहे. रोज सायंकाळी मुलगी टोप घासून त्यात ताजे पाणी भरते आणि सकाळी वाळूत पावले शोधते. आठवड्यातून एकदा आजोबांचा फोन येतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय गं, तुझं खोकड आलं होतं का?"