आजीची जागा

शिरूरला आमचे जुने घर होते. घोड नदीच्या काठी वसलेल्या या गावाला पुष्कळ लोक घोडनदी याच नावाने ओळखतात. घर दुमजली होते. पण दुमजली म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो ऐसपैस वाडा उभा राहतो, तसे ते नव्हते. पुढच्या बाजूस ओसरी, तिच्या आत माजघर, माजघराच्या डाव्या अंगास एक लहान खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यापलीकडे परसू, एवढाच त्याचा विस्तार. माजघराच्या कोपऱ्यातून एक उभा लाकडी जिना माडीवर जाई. आई, अण्णा, आम्ही तीन भावंडे आणि शिकण्यासाठी आमच्याकडे राहिलेला मामेभाऊ अशी सहा माणसे त्या घरात नांदत होती. घरात जागा पुरत नाही, ही आईची नित्याची तक्रार असे.

ही गोष्ट १९७५ सालची. तेव्हा मी सातवीत होते. माझे आजोबा दौंडला रेल्वेत नोकरीस होते. त्यांच्यामागून काकाही तेथेच लागले आणि आजी त्यांच्याजवळ रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहू लागली. त्या वर्षी काकांची दूर बदली झाली आणि अण्णा आजीला घेऊन आले. एस. टी.तून उतरताना तिच्याजवळ एक वळकटी आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक एवढेच सामान होते.

आजीच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. जिन्याची एक पायरी चढणेही तिला अशक्य होते. म्हणजे तिची सोय खालीच करणे भाग होते. पण खाली जागा होती कोठे? ओसरीवर अण्णांच्या कामाची माणसे येत. माजघरात जेवणाच्या पंगती बसत आणि रात्री अंथरुणे पडत. उरली ती डावीकडची लहान खोली. तिला आम्ही अडगळीची खोली म्हणत असू. मोडका पाळणा, जुने पेटारे, फुटके रांजण, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेल्या फळ्या यांनी ती आढ्यापर्यंत भरलेली होती.

पहिल्याच रात्री अण्णा आईला म्हणाले, ‘‘अडगळीची खोली रिकामी करू आणि आईला तिथं ठेवू.’’

त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. परंतु माजघरात आजी जागी होती. सकाळी चहाचा पेला खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाळ, मला दौंडला पोचव. तिथं ओळखीची माणसं आहेत. मला अडगळीत नको टाकूस.’’

अण्णांचा चेहरा उतरला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. त्या क्षणी मला प्रथमच उमगले, की माणूस घरात असूनही त्याला जागा नसणे ही किती दुःखाची गोष्ट आहे!

अण्णांनी दुसरा विचार केला. मधली भिंत पाडून माजघरच मोठे करावे, असे त्यांना वाटले. त्यांनी गवंड्याला बोलावले. त्याने भिंत ठोकून पाहिली, वर नजर टाकली आणि मान हलवली. ‘‘अण्णा, ही भिंत नुसता आडोसा नाही. माडीच्या तुळयांची टोकं हिच्यावर टेकली आहेत. ही काढाल, तर माडी खाली येईल.’’ जुन्या घरात काही भिंती केवळ आडपडदा असतात, तर काही डोक्यावर भार घेऊन उभ्या असतात. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच! भिंत पाडण्याचा बेत तेथेच राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या गुरुजींनी वर्गाला इनामगावला नेले. इनामगाव शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी आहे. १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक तेथे उत्खनन करीत होते. हे काम पुढे १९८३ पर्यंत चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात त्या ठिकाणी शेतकऱ्यांची वस्ती होती. आम्ही खड्ड्याच्या काठावर उभे राहून खाली पाहू लागलो. तेथे एका घराची जमीन दिसत होती. छपराच्या खांबांची भोके, चुलीचा खळगा, धान्याचा रांजण टेकण्यासाठी मांडलेले चपटे दगड, सारे आपापल्या ठिकाणी होते. माणसे जाऊन तीन हजार वर्षे लोटली, तरी त्यांच्या घराची मांडणी अजून मागे राहिली होती. संशोधकांनी जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन पाडले होते. कोणती वस्तू कोठे आहे हे मोजून ते कागदावर आराखडा काढीत होते.

घरी येताच मी आजीला सर्व हकीकत सांगितली. तिने प्रश्न विचारला, ‘‘चूल कुठं होती म्हणालीस? आणि धान्य?’’ मी हाताने दाखवले. ती हसून म्हणाली, ‘‘म्हणजे त्या बाईलाही तुझ्या आईसारखाच प्रश्न पडला असेल की!’’

मला एक कल्पना सुचली. आपणही आपल्या घराचा आराखडा काढावा! दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आणि मामेभावाने सारा खालचा मजला हाताने मोजला. माजघर दहा हात लांब आणि आठ हात रुंद भरले. मग अंगणात खडूने आकृती काढली. घरातल्या एका हाताला अंगणात एक वीत, असे प्रमाण धरले. दारे, खिडकी, जिना सारे दाखवले. जाड कागदाचे तुकडे त्याच प्रमाणात कापून त्यांची बाज, कपाट आणि कणग्या केल्या. आजी उंबऱ्याशी पाटावर बसून पाहत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘सामान मांडलंत; पण घरातल्या वाटा कुठं आहेत? माणसं चालतात कुठून?’’

आम्ही वाटा आखल्या आणि चकित झालो. ओसरीतून स्वयंपाकघरात जाणारी वाट माजघराला तिरपी कापून जात होती. त्यामुळे मधली सगळी जागा रहदारीची होऊन बसली होती. असे का झाले होते? स्वयंपाकघराच्या दाराला लागून धान्याच्या तीन कणग्या उभ्या होत्या. १९७२ च्या दुष्काळाने आई इतकी धास्तावली होती, की त्यानंतर ती कणगी रिती होऊ देत नसे. त्या कणग्यांना वळसा घालण्यासाठीच आम्ही रोज माजघर तिरपे ओलांडत होतो.

‘‘कणग्या जिन्याखाली गेल्या तर?’’ आजीने विचारले. जिन्याखालच्या तिकोनी जागेत कोणाला उभे राहता येत नव्हते. पण कणग्यांना उभे राहून चालायचे थोडेच होते! कागदाचे तीन तुकडे सरकवले आणि वाट भिंतीच्या कडेने सरळ झाली. माजघराच्या आतल्या बाजूस सहा हात लांब आणि पाच हात रुंद असा एक सलग कोपरा मोकळा झाला. भिंतीची एक वीटही हलवावी लागली नव्हती!

आता राहिले मोठे लाकडी कपाट. ते दाराजवळ आडवे आले होते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी त्या काळी दौंडला आली, की तिचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आजीने ते आयुष्यभर पाहिले होते. ती म्हणाली, ‘‘गाडी तीच, डबे तेच, तोंड फिरवलं की वाट सापडते. कपाटाचंही तोंड फिरवा.’’ कपाट फिरवले. त्याची दारे वाटेकडे झाली आणि पाठ मोकळ्या कोपऱ्याकडे. त्या पाठीचा आजीच्या बाजेला आपोआप आडोसा मिळाला.

मामेभावाने शंका काढली, ‘‘पण जेवायला बसायचं कुठं? अभ्यास कुठं करायचा?’’

आजी म्हणाली, ‘‘दौंडला दोन खोल्यांत आम्ही सात माणसं होतो. तुझे आजोबा रात्रपाळी करून सकाळी येत आणि दिवसा झोपत. तेव्हा मुलं व्हरांड्यात अभ्यास करीत. रात्री आजोबा कामावर गेले, की तीच खोली मुलांची होई. एकाच रुळावरून कितीतरी गाड्या जातात ना? का? तर प्रत्येक गाडीची वेळ ठरलेली असते.’’

दौंड हे मोठे जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तेथून जातो आणि मनमाडचा फाटा १८७८ सालापासून तेथूनच फुटतो. त्या गजबजाटात संसार केलेल्या आजीला वेळापत्रकाचे मर्म ठाऊक होते.

पुढच्या रविवारी सारे घर कामाला लागले. अडगळीच्या खोलीतील सामानाचे आम्ही तीन ढीग केले. रोजचे सामान हाताशी येईल अशा फळीवर गेले. सणासुदीचे वर, छताजवळच्या फळीवर गेले. जे कधीच लागत नव्हते ते ज्याला उपयोगी पडेल त्याला दिले. पेटारे हलले आणि त्यांच्यामागे कित्येक वर्षे झाकलेली एक खिडकी सापडली. ती उघडताच खोली उजळून निघाली.

ते पाहून अण्णा हळूच म्हणाले, ‘‘आई, ही खोली आता चांगली झाली आहे. हीच तू घे. परवा मी जे बोललो, ते चुकलंच माझं.’’

आजीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘खोली मुलांना अभ्यासाला दे. मला खोली नको रे, जागा हवी. इथून मला चूल दिसते, ओसरी दिसते, तुम्ही आल्यागेल्याचं कळतं. मला हेच बरं.’’

तिची बाज माजघराच्या त्या कोपऱ्यात आली. उशाशी आजोबांची ट्रंक ठेवली. संध्याकाळी तिच्यासमोर बसून ती भाजी निवडी. शाळेतून येणाऱ्या प्रत्येकाची वाट तिच्यासमोरून जाई आणि प्रत्येकाला तिच्यापाशी क्षणभर थांबावेच लागे. दौंडला परत जाण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

पुढे मोठेपणी मी इनामगावविषयी अधिक वाचले. तेथे एक पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. शेवटच्या काळात मात्र पाऊसमान घटले, शेती खालावली आणि लोक लहान गोल झोपड्यांत राहू लागले, असे संशोधक मानतात. घर मोठे असो वा लहान, चूल कोठे, धान्य कोठे आणि माणसे कोठे, हे प्रश्न प्रत्येक पिढीला सोडवावेच लागतात.

आज आजी नाही. ते जुने घरही राहिले नाही. शिरूर खूप वाढले आहे. सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतल्या घरांतही जागा पुरत नाही, अशी तक्रार ऐकू येते. अंगणातला आमचा खडूचा आराखडा तर दोन दिवसांतच पुसून गेला होता. पण अजूनही कोणी नवे घर दाखवू लागले, की माझे लक्ष आधी भिंतींकडे जात नाही. या घरातले सर्वांत म्हातारे माणूस कोठे बसणार आणि तेथून त्याला काय दिसणार, हेच मी प्रथम पाहते.