कामी आलेलं

दारामागच्या खुंटीवर ते चार वर्षं टांगलेलं होतं. काळं, हनुवटीपर्यंत झाकणारं. काचेच्या उजव्या बाजूला बारीक चरे, आतल्या कापडाला घाम, खोबरेल तेल आणि पाऊस यांचा मिळून झालेला एक वास. पट्ट्याचा खटका कानाखाली वाजला की मगच माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे जायचा.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं पुण्यात हेल्मेटचं झालंय. त्याचं काहीही केलं तरी खुपतं. दुचाकीस्वारानं ते घालावं असं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं. तरी २०१९च्या जानेवारीत पोलिसांनी सक्तीची मोहीम हाती घेतली तेव्हा या शहरात त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाला. कायद्यानं घरात आणलेल्याला माया कोण लावणार?

माझा एक सहकारी ते कोपरात अडकवून येतो. चौकात मामा दिसले की डोक्यावर, चौक ओलांडला की परत कोपरात. शेजारच्या काकू अर्धं, टोपीसारखं घालतात. पूर्ण घातलं की त्यांचा जीव गुदमरतो. कुणाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, कुणाचे केस गळतात, कुणाची मान धरते. मंडईत भाजीला उतरलं की ठेवायचं कुठे, डिकीत तर मावत नाही. माझे बाबा म्हणायचे, "गावातल्या गावात कशाला? हायवेला घालीन की."

यातली एकही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. एप्रिलच्या भर दुपारी सिग्नलला उभं राहिलं की कानशिलावरून घाम कसा ओघळतो ते मलाही माहीत आहे. अंबाडा घालून ते नीट बसत नाही, म्हणून मी केसांची वेणी घालायला लागले. पण पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट मला बघवत नाही. पडताना ते डोक्याच्या आधी निघून जातं. बिचाऱ्याला आपलं काम करायची संधीच मिळत नाही.

आणि त्याचं काम तरी किती वेळाचं? छत्रीचा उपयोग पाऊस आला की लगेच कळतो, चपलेचा पहिल्या खड्याला. हे मात्र हजार दिवस नुसतं ओझं, किलो-सव्वा किलोचं. आपण त्याला तोलतो ते या हजार दिवसांवरून. त्याचा खरा दिवस एकच असतो, आणि त्या दिवसातलेही काही क्षण.

लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जग ज्याला ओळखतं तो टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याला पाहायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा पाठपुरावा केला आणि १९४१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश सैन्यानं आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. एका माणसाला वाचवता आलं नाही, ते त्या डॉक्टरानं सोडून दिलं नाही. मला हेल्मेटबद्दल जो आदर वाटतो त्यात या माणसाचाही वाटा आहे.

गेल्या जुलैत माझ्या हेल्मेटचा तो दिवस आला. रिमझिम चालू होती, वळणावर बारीक खडी सांडलेली. गाडीचा वेग तिसाच्या वर नसेल. पुढचं चाक सरकलं, आणि पुढचं मला आठवतं ते एवढंच: दुभाजकाचा पिवळा-काळा रंग अगदी डोळ्याशी, आणि कवटीभोवती झालेला एक बोजड, बसका आवाज. लोकांनी उठवलं. टपरीवाल्यानं पाणी दिलं. गुडघा सोलला होता, मनगट सुजलं होतं. डोकं शाबूत होतं.

घरी येऊन पाहिलं तर बाहेरून तळहाताएवढा ओरखडा, बाकी काही नाही. मग मी आतलं कापड सोडवलं. डाव्या कानाच्या वर, पांढऱ्या थर्माकोलमध्ये बताशा बसेल एवढा खळगा पडला होता आणि त्यातून केसासारखी एक भेग मागे गेली होती. बाबांनी खळग्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले, बोलले काहीच नाहीत.

हा थर्माकोलच त्याचा खरा जीव. बाहेरचं कवच मार पसरवतं, पण मार पोटात घेतो तो आतला थर. तो चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला जरा अवधी देतो. एकदा चेपलेला तो पुन्हा फुगत नाही. रस्त्याकडेला ढीग लावून विकतात त्या स्वस्त टोप्यांत हा थर नावालाच असतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात. दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का १ जून २०२१ पासून बंधनकारक झाला, तो याचसाठी. लढाईत पडलेल्याला आपण कामी आला म्हणतो. माझं हेल्मेट तसं कामी आलं.

नवं घेतलं, तेव्हा जुनं जिन्यात ठेवलं होतं. सकाळी दूध टाकणाऱ्या मुलानं ते पाहिलं. तो टोपीसुद्धा न घालता पहाटे चाळीस इमारती फिरतो. "ताई, टाकून देताय का? मला द्या की. चांगलं तर आहे."

दिसायला चांगलंच होतं. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं असेल, वापरायचं नाही तरी सुटत नाही हिच्या हातून. आतला खळगा दाखवून समजावलं, त्यानं मान डोलावली, पण पटलं नव्हतं. रविवारी त्याला दुकानात नेलं, डोक्याचं माप घेतलं, शिक्क्याचं एक घेऊन दिलं. पट्टा कसा आवळायचा ते दोनदा करून दाखवलं.

मग घरी येऊन जुनं मांडीवर घेतलं. भंगारात गेलं असतं तर कुणीतरी पुसून पुन्हा विकलं असतं, आणि कुणाच्या तरी डोक्याशी त्यानं नकळत दगा केला असता. तो डाग त्याला लागू द्यायचा नव्हता. स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि पट्टा कापायला लागले. कात्री पुरली नाही. नायलॉनच्या त्या दोन बोटं रुंद पट्टीला शेवटी सुरी लावावी लागली, तीही तीन-चारदा.