तबकडीची गती

वडिलांच्या पश्चात सांगलीचे घर आवरताना लाखेची एक जुनी तबकडी आमच्या हाती आली. गाणारे अब्दुल करीम खाँ. मुद्रण त्यांच्या उतारवयातले, म्हणजे १९३७ साली ते गेले त्याच्या थोडे आधीचे. कडेला बारीक तडा होता. आम्ही दोघे भावंडे, एक सांगलीत आणि एक साताऱ्यात. तबकडीची वाटणी होत नाही, म्हणून तिची डिजिटल प्रत करून घ्यावी असे ठरले. तडा वाढण्याआधी मिळणारी संधी बहुधा एकच होती.

स्टुडिओत विचारणा झाली : सीडीच्या दर्जाची फाइल हवी, की हाय-रेझोल्यूशन? आम्ही दोन्ही मागितल्या. सीडीत ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर नोंदला जातो. दुसऱ्या फाइलीत नमुने ९६,०००, बिट २४ आणि पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. तीन मिनिटांच्या गाण्याला पहिलीत सुमारे ३२ एमबी लागतात, तर दुसरीत १०४. आकड्यांच्या या थाटाने आम्ही दिपलो, हे कबूल केले पाहिजे. मग एकाने फाइल लावायची आणि दुसऱ्याने पाठ फिरवून ओळखायची, असा खेळ मांडला. वीसदा ऐकूनही आमचे अंदाज नाणेफेकीच्या पलीकडे गेले नाहीत.

यात कानाचा दोष नव्हता. ज्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी टिपायचा, तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले की तो संपूर्ण परत उभा करता येतो; दोन नमुन्यांच्या फटीतून काही गळून जात नाही. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि सीडी २२,०५० पर्यंत पोचते. अधिक बिटांमुळे मुद्रणाच्या तळाशी राहणारा खरखराट आणखी खाली जातो, एवढेच. लाखेच्या तबकडीचा स्वतःचा खरखराट मुळातच त्या तळाच्या कितीतरी वर असतो.

खरा घोटाळा निराळाच निघाला. तबकडीच्या पाकिटावर वडिलांनी पेन्सिलीने गाण्याची पट्टी लिहून ठेवली होती. घरच्या पेटीवर ताडून पाहिले, तर दोन्ही फाइली तितक्याच उतरलेल्या! त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असे नाही. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ ने फिरवली, तर स्वर सुमारे ४४ सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने उतरतो, लयही मंदावते. सेकंदाला ९६,००० नमुने घेणाऱ्या यंत्राने ही चूक तितक्याच काटेकोरपणे टिपून ठेवली होती.

आकडा आणि कान यांचा हा वाद आमच्या या दोन गावांना नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याला न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स यांनी शतकापूर्वी बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडण्याचा ध्यास घेतला होता. देवलांचा ग्रंथ १९१० चा, क्लेमेंट्स यांचा १९१३ चा. त्यांच्या प्रयोगांसाठी गळा होता तो अब्दुल करीम खाँसाहेबांचाच. त्या गुणोत्तरांवर बेतलेली श्रुतिपेटी १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, आणि तिथे जमलेल्या जाणत्यांत तिच्या स्वरांवरून मतभेद झाले. मापन व्यर्थ होते असे आम्ही म्हणणार नाही. पण आकड्याला अखेर कानापुढे उभे राहावे लागले, हे खरे.

आम्ही मोठी फाइल मूळ प्रत म्हणून जशीच्या तशी ठेवली. पुढे गती सुधारताना, खरखर काढताना तिच्यातल्या जास्तीच्या बिटांचा उपयोग होतो. त्यांचे खरे काम तेच. वेग वाढवून वडिलांच्या पट्टीशी जुळवलेली दुसरी प्रत केली. वडिलांचा फोनोच जलद फिरत असेल, ही शंका आमच्यापैकी एकाला अजून आहे. म्हणून दोन्ही प्रतींवर गती लिहिली, आणि पेन्सिलीची ती नोंदही उतरवून ठेवली. आमच्यानंतर ऐकणाऱ्याला निदान कुठून मोजायला सुरुवात करायची, ते कळेल.