आजार मनाचा, क्लेम मात्र खाटेचा

आपल्याकडे आरक्षणावर, शिष्यवृत्तीवर, ॲट्रॉसिटी कायद्यावर रात्र रात्र चर्चा होतात. आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर होत नाहीत. तो कागद एचआरकडून येतो आणि कपाटात जातो. पण तो नीट वाचला तर तिथेही जात भेटते, स्वतःचं नाव न सांगता.

एका ॲट्रॉसिटी प्रकरणात पीडित कुटुंबासोबत दीड वर्ष कोर्टाच्या चकरा मारल्यानंतर माझी झोप उडाली. संस्थेच्या ग्रुप पॉलिसीसोबत समुपदेशनाची सोय होती, तीन सेशन मोफत. पॅनेलवरच्या समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शहरात आता जात कुठे राहिलीय? तुम्ही फार मनाला लावून घेता." तिसऱ्या सेशनचा बराचसा वेळ मी त्यांना बहिष्कार म्हणजे काय ते समजावण्यात घालवला. शेवटी त्यांचा सल्ला आला, "हे काम सोडून दुसरं काही बघा ना." त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या अभ्यासक्रमात माझं जगणंच नव्हतं.

मग ओळखीतून आपल्या समाजातल्या एक मानसशास्त्रज्ञ मिळाल्या. तिथे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पण एका सेशनचे 1,500 रुपये, महिन्याला चार सेशन आणि माझा पगार 31,000. बिलं जोडून क्लेम पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: ओपीडी उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत आणि सेवा देणारी व्यक्ती नेटवर्कमध्ये नाही. या दोन्ही ओळी नीट तपासायला हव्यात.

आधी पहिली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 21(4) सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. ऑगस्ट 2018 मध्ये विमा नियामक इरडाईने कंपन्यांना तसं बजावलं. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे एका विमाधारक महिलेच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे 'मनाचा आजार आम्ही धरत नाही' असं कंपनीला आता उघडपणे म्हणता येत नाही. मग कंपनी म्हणते, "समानच वागवतो. हाड मोडलं तर ॲडमिट झाल्यावर पैसे देतो, डिप्रेशनलाही ॲडमिट झाल्यावर देतो."

ही समता फसवी आहे. मोडलेल्या हाडाला खाट लागते. माझ्यासारख्या बहुतेकांच्या मनाच्या आजाराला दोन खुर्च्या, एक तास आणि बरेच महिने लागतात. असमान गोष्टींना एकच नियम लावला की विषमताच पदरात पडते, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. आरक्षणाच्या बाजूचा आपला युक्तिवाद हाच तर आहे.

कंपन्या म्हणतील, ओपीडी घातली तर हप्ता परवडणार नाही. नफ्याच्या विम्यात कदाचित नसेल परवडत. पण या देशात दुसऱ्या प्रकारचा विमाही आहे. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याची जबाबदारी सोपवली गेली आणि 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपली ईएसआय, उभी राहिली. तिथे कामगार पगाराच्या 0.75 टक्के भरतो, मालक 3.25 टक्के, आणि ओपीडीसुद्धा मिळते. हप्ता ऐपतीप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. ईएसआय दवाखान्यातल्या रांगा मला माहीत आहेत, तिथे समुपदेशन मिळवणं किती अवघड आहे तेही माहीत आहे. पण तत्त्व तिथे आहे. फक्त 21,000 च्या वर पगार गेला की तुम्ही त्याच्या बाहेर, आणि घरकामगार, नाका कामगार, सफाईचे रोजंदार बहुतेक आधीपासूनच बाहेर.

आता दुसरी ओळ, नेटवर्क. नेटवर्कबाहेर गेलात तर आधी खिशातून भरा, मग परतावा मागा. 'आधी भरा' हे कुणाला जमतं? ज्याच्या घरात दोन पिढ्यांची बचत आहे त्याला. आणि नेटवर्कमध्ये जातीचं दुखणं कळणारं माणूसच नसेल, तर बाहेर जाणं ही चैन कशी? याच कायद्याचं कलम 18 सांगतं की मानसिक आरोग्य सेवा मिळताना जातीवरून भेदभाव होता कामा नये. ते असंही सांगतं की किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल तर रुग्णाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने उचलावा. म्हणजे सेवा नसण्याची शिक्षा रुग्णाला देऊ नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेलं आहे. तेच विमा कंपन्यांना लागू करा, एवढीच मागणी आहे.

चळवळीतले काही जण म्हणतात, थेरपी म्हणजे सामाजिक जखमेला वैयक्तिक मलम. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी, दर्शन सोळंकी यांच्या मृत्यूंना जबाबदार संस्था आहेत, मग आम्ही समुपदेशकाकडे कशाला जायचं? संस्थांना जाब विचारलाच पाहिजे. पण मार खाल्लेल्याला टाके घातले म्हणून मारणाऱ्यावरचा एफआयआर मागे जात नाही. बुद्धाने दुःख आहे हे आधी मान्य केलं, मगच त्याच्या कारणाकडे वळला.

तोवर हातात काय आहे? पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का, ते बघा. बिलावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि फी असू द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. मानसोपचारतज्ज्ञाचा लेखी सल्ला जोडा. नकार लेखीच मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. विमाच नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि एकट्याने लढू नका. यंदा नूतनीकरणाच्या वेळी आम्ही बारा जणांनी सह्या करून संस्थेला निवेदन दिलं. नव्या पॉलिसीत वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत ओपीडी आली, नेटवर्कबाहेरच्या नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाच्या फीसकट. माझ्या हिशोबाने ती सहा सेशन होतात. पुरेशी नाहीत. पण ती कंपनीने दयेने दिलेली नाहीत, संघटित होऊन मागितलेली आहेत. पुढच्या नूतनीकरणाचं निवेदन आम्ही आत्ताच लिहायला घेतलं आहे. तुमच्या पॉलिसीची तारीख कधीची आहे, ते आजच बघून ठेवा.

जय भीम!