कुंपण नसलेली रात्र

बोट्स्वानातील मोरेमी अभयारण्यात तंबूच्या तळांना कुंपण नाही. १९६३ साली बटवाना लोकांनी आपल्याच शिकारीच्या भूमीवर ते राखून ठेवले. चाकांतील हवा कमी करून मामा दिवसभर वाळूतून जीप हाकीत होते. सूर्यास्तापूर्वी तळ गाठणे भाग होते. जीपच्या टपावरच आमचा तंबू. मध्यरात्री खाली फांदी कडाडली. चांदण्यात एक हत्ती शेंगा वेचीत उभा होता. माझ्या छातीत धडधडू लागले. मामा कुजबुजले, “हलू नकोस. वाट त्याची आहे.” त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आजवर मी जनावरे पाहिली ती पिंजऱ्यात. त्या रात्री कापडाआड कोंडलेले आम्ही होतो, आणि अरण्य मोकळे होते! भीतीपोटी का होईना, माणसाला आपली पायरी कळते ती अशी.